बाबांनी आधीच म्हटलेली ओळ

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले – त्यांतली चूक शोधण्यासाठी. ओसाड रस्ता, पांढरी साडी, मागे न उमटलेली पावलं... चूक बहुतेक वेळा तिसऱ्या परिच्छेदातच सापडायची आणि मी निर्धास्तपणे पुढे जायचे. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. एक प्रसंग वगळता आजही नाही. तो प्रसंग मी लिहिते आहे ती श्रद्धेपोटी नव्हे, संतापापोटी. माझ्या वडिलांच्या बाबतीत जे घडलं ते काही जण वाढवून सांगतात, काही जण झाकून ठेवू पाहतात, आणि उरलेले हसतात. प्रत्यक्ष काय घडलं हे विचारण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही.

मी पुण्यात जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते; मेंदूच्या पेशी हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आमचं गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरपासून थोडं आत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, उपास नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावात लग्न असो की पाण्याच्या टाकीवरून भांडण, बोलायला बाबाच पुढे. विहारात पौर्णिमेची वंदनाही तेच घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलं. याला वाचाघात म्हणतात: माणसाला सगळं कळतं, पण शब्द तोंडातून बाहेर पडत नाही. बाबांकडे एकच शब्द उरला – ‘बरं’. पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. कूस बदलायची का? बरं.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनी आईला सांगितलं, “आता आहे हे असंच राहणार. फार अपेक्षा ठेवू नका.” हे बाबांच्या खाटेशी उभं राहून. रुग्णाला ऐकू येतं, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं. त्या दिवसापासून बाबांनी दात मिटले. आईने चमचा पुढे केला की ते मान फिरवायचे. गोळ्यांपुरते दोन-चार चमचे कसेबसे आत जायचे, बाकीची पेज ओघळून उशीवर पडायची. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचा विषय काढला; मी फोनवर बाबांना विचारलं तेव्हा ते ‘बरं’ म्हणाले, पण आई अजून तयार नव्हती. माझे वडील उपाशीपोटी मरण्याचा निर्णय घेऊन बसले होते, आणि तो निर्णय सांगायलाही त्यांच्यापाशी शब्द नव्हता.

मी रजा टाकून आले ती योजना घेऊनच. गाण्याचा बराचसा भार मेंदूचा उजवा भाग उचलतो. त्यामुळे एक शब्दही न बोलू शकणारा रुग्ण कधीकधी अख्खं गाणं म्हणतो. अट एवढीच की गाणं जुनं हवं, वर्षानुवर्षं घोटलेलं हवं. बाबांच्या बाबतीत ते वंदनेशिवाय दुसरं काय असणार? मी रोज त्यांच्याजवळ बसून वंदना म्हटली. भीमगीतं लावली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. चुलते तात्या भेटायला आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, “दादा, बाकीचं ऱ्हाऊ द्या. निदान जयभीम तरी म्हना.”

बाबा म्हणाले, “बरं.” आणि रडायला लागले.

त्यानंतर विद्यापीठात कामाचा अहवाल सादर करण्यासाठी मला थोड्या दिवसांकरता पुण्याला जावं लागलं. परतले तो रविवार होता. दुपारच्या आधीची वेळ, आणि घराला कुलूप. शेजारच्या काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या.

“आई प्रार्थनेला गेलीय तुझी. गुरुजीलाबी नेलंय, रिक्षात घालून.”

“कसल्या प्रार्थनेला?”

“येशूच्या. त्या रोडच्या पत्र्यात.”

माझ्या डोक्यात अक्षरशः तिडीक गेली. रोग्याला गर्दीत न्यायचं, डोक्यावर हात ठेवायचे, औषधं बंद करायला लावायची, आणि दगावला की विश्वास कमी पडला म्हणायचं – हे सगळं मी वाचलेलं होतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करायची, आणि तक्रारीला पुरावा हवा म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, हे मी तिथे पोहोचण्याआधीच ठरवून टाकलं.

ती जागा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. सतरंज्या, एक पंखा, ढोलकी आणि चाळीसेक माणसं, बहुतेक बायाच. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, कलंडू नयेत म्हणून ओढणीने खुर्चीला हलकेच बांधलेले. आई मला पाहून दारापर्यंत आली.

“आई, हे काय चाललंय?”

“हळू बोल. बसायचं तर बस.”

“बाबांना विचारलंस का आणण्याआधी?”

“इचारलं की. बरं म्हनले.”

“त्यांना तेवढाच एक शब्द येतो, आई.”

“मग नळीचं तू इचारलं तवाबी त्यांनी तेच म्हनलं. तो होकार कावून धरला मग?”

औषधं बंद केलीस का, एवढंच मी विचारलं. तिने पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. “दुपारची हितंच देते कुटून. आन् तुला सांगू का प्रज्ञा, डॉक्टर सांगतो, तू सांगती, तात्या सांगतेत – हे कर, ते कर. हितं कुनी काय सांगत न्हाई. गेल्या रयवारी मी रडले, तर चार बाया माझ्यासंगं रडल्या. प्रभूपाशी माझ्या मानसाचं नाव घेतलं त्यांनी. तवापून मला सकाळी उठावं वाटतंय. ते बी बंद करायचं का?”

मी आत जाऊन बसले. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं.

गाणं सोजरबाईंनी धरलं. या आमच्या शिवारात शेळ्या चारतात; जातीने धनगर. तरुण मुलगा गेल्यावर वर्षभर कुणाशी बोलत नव्हत्या. नंतर कुणाबरोबर तरी इथे येऊ लागल्या आणि बोलत्या झाल्या. आईला आणलं ते त्यांनीच. त्यांची रीत अशी, की त्या पुस्तकातलं गाणं म्हणत नाहीत. जात्यावरच्या ओवीची चाल धरतात आणि शब्द तिथल्या तिथे जुळवतात. एक ओळ त्या म्हणतात, मग सगळे तीच ओळ म्हणतात.

पहिली माझी ओवी, येशू माझ्या राजा,
बंद माझ्या घराला गं, तूच दरवाजा.

दुसऱ्या आवर्तनाला बाबांचे ओठ हलले. पाठोपाठ आवाज आला – घोगरा, तुटका, पण शब्द स्पष्ट होते. “तूच दरवाजा.” आईने तोंडावर पदर धरला. माझे डोळे भरून आले, तरी डोकं चालू होतं: चाल बालपणीची आहे, आजी जात्यावर म्हणायची; शब्द नुकतेच कानावर पडलेले आहेत; उजव्या मेंदूने काम सुरू केलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. इथला पास्टर याला चमत्कार म्हणेल तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं, याची वाक्यंही मी मनात जुळवली.

सोजरबाईंनी पुढची ओवी धरली. “दुसरी माझी ओवी, करडू गेलं चुकून...” सगळ्यांनी ती ओळ म्हटली. त्यांनी पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला. आणि बाबांनी, एकट्याने, पूर्ण ओळ म्हटली:

“पडक्या बारवेतून गं, आणलं पाठीला बांधून.”

ढोलकी थांबली. सोजरबाई बाबांकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “हे तर मी आजूक म्हनलंच न्हाई.”

पास्टर – पंचविशी-तिशीतला तरुण – लगबगीने माइककडे वळला. सोजरबाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि आमच्याकडे पाठ केली. पाठीवर लुगड्याला ओला चिखल होता.

“सकाळी करडू बारवंत पडलतं. पायऱ्या ढासळलेल्या. उतरले, पदरानं पाठीला बांधलं, वर आले, तशीच हिकडं. उशीर झालता, कुनाला सांगायला येळ कुठं व्हता? तेच आता ओवीत घालनार व्हते.”

आता माझी उलटतपासणी ऐका. ती मी कुणाहीपेक्षा कठोरपणे केली आहे. कुणी सोजरबाईंना पाहिलं असेल आणि बाबांच्या कानावर आलं असेल? बारव, म्हणजे ती जुनी पायऱ्यांची विहीर, डोंगराच्या अंगाला आहे; आई-बाबा रिक्षाने गावाकडून आले आणि त्या येण्याआधीच आत बसलेले होते. ही ओवी जुनी असेल? त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला मी वेगवेगळं गाठून विचारलं. कुणीही ती आधी ऐकलेली नव्हती. यमकावरून अंदाज? ‘चुकून’ला ‘बांधून’ सुचू शकतं, मान्य. चिखल दिसला असेल? त्या बाबांसमोर तोंड करून बसल्या होत्या. आणि चिखलावरून पडकी बारव, पाठीला बांधणं एवढं सगळं कसं कळणार – तेही दोन महिने ‘बरं’पलीकडे न गेलेल्या माणसाला? दोघांचं संगनमत? मग सोजरबाई घाबरल्या कशाला? दुसऱ्या दिवशी मी बारवेवर गेले. पायऱ्यांवर ओल्या मातीत पाय घसरल्याच्या खुणा होत्या. करडाचा गुडघा खरचटलेला होता. ध्वनिमुद्रण मी संगणकावर गती कमी करून ऐकलं. आधी सोजरबाईंचा श्वास. मग बाबांचा आवाज. मग काहीच नाही.

त्या दुपारी बाबांनी घरी येऊन दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. संपवली, आणि ताटलीकडे बोट केलं. आईने आणखी वाढली.

तेव्हापासून ते सावरत गेले. आधी गाण्यातले शब्द, मग सुटे शब्द, मग छोटी वाक्यं. यात मला काहीही गूढ दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू बराचसा आपोआप सावरतो, त्याला व्यायाम आणि औषधांची जोड होती, आणि जगण्याची इच्छा परत आली होती. ती इच्छा त्या पत्र्याखाली परत आली, हेही मी नाकारत नाही. ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

पण नंतर लोकांनी जे केलं त्याने माझं डोकं फिरलं. पास्टरने रस्त्यावर फलक लावला: बाबांचा फोटो, आणि खाली ‘अर्धांगवायू पूर्ण बरा’. बाबांचा उजवा हात आजही उचलत नाही. मी तडक त्याच्याकडे गेले.

“लोकांचा विश्वास वाढतो, ताई,” तो म्हणाला.

“खोट्यावर?”

तो काही बोलण्याआधी सोजरबाई म्हणाल्या, “काढ की रे ते. गुरुजीचा हात कुठं चालतोय? देवाला का तुझ्या थापांची गरज हाय?”

फलक त्याच संध्याकाळी उतरला. मग तात्या दारात आले. आत यायला तयार नव्हते. “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे? समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई, वहिनी.”

आई भांडी घासत होती. ती उठलीसुद्धा नाही. “प्रतिज्ञा मलाबी तोंडपाठ हायेत, भावजी. मानूस उपाशी मरत असला तर त्याच्यासाठी कुनी हात जोडू नये, अशी त्यात एकबी न्हाई. तुमी दोन महिन्यांत किती येळा आलते, ते सांगा.” तात्या निघून गेले. बाबा आता रविवारी पत्र्यात जातात आणि पौर्णिमेला विहारात; तिथे त्यांच्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असते. याचा मला जो राग येतो तो सभ्य शब्दांत मांडता येत नाही.

आणि माझे पुण्यातले सहकारी? ज्यांनी ध्वनिमुद्रण ऐकण्याचीही तसदी घेतली नाही, ते म्हणाले, योगायोग. जे निरीक्षण आपल्या चौकटीत बसत नाही ते न पाहताच फेकून देणं, याला मी विज्ञान म्हणणार नाही. पास्टरने एका खऱ्या गोष्टीवर खोट्याचा थर चढवला. यांनी ती गोष्टच पुसून टाकली. दोघांच्या आळसात मला फरक दिसत नाही.

प्रयोग पुन्हा करून पाहायचा म्हणून मी पुढचे कितीतरी रविवार फोन घेऊन बसले. सोजरबाईंची हरकत नव्हती. “घे की परीक्षा. पर देव काय तुझ्या कालेजात नाव घालून बसलाय व्हय, तू बोलावलं की हजर व्हायला?” बाबा दरवेळी गायले, इतरांसारखे, सोजरबाईंच्या मागून. पुढे एकदाही नाही.

शेवटी ते पुरेसं बोलू लागल्यावर मी त्यांनाच विचारलं. आई त्यांच्या हाताला तेल चोळत होती.

“बाबा, ती ओळ तुम्हाला कशी कळली?”

“सोजरनं... म्हटली. म्हणून... म्हटली.”

“नाही. तुम्ही आधी म्हटलीत.”

त्यांनी मान हलवली. “ऐकलं. तिचाच... आवाज.”

मी फोन पुढे केला आणि ते मुद्रण ऐकवलं. श्वास, त्यांचा आवाज, शांतता. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मला वाटलं ते घाबरतील, निदान गोंधळतील. पण त्यांनी डाव्या हाताने फोन माझ्याकडे सरकवला आणि शाळेत फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

“मग... शोध,” ते म्हणाले.

शोधते आहे. अजून काहीही सापडलेलं नाही.