जाधवबाईंचं नोव्हगोरोद

जाधवबाई नोव्हगोरोदबद्दल बोलताना कधी ‘तिकडे’ म्हणत नसत, ‘आमच्याकडे’ म्हणत. “आमच्याकडे राजाला गावात घर नसायचं. गावाबाहेर ठेवायचे. नीट वागला नाही, तर वाट दाखवायचे.” कात्रपच्या आमच्या सोसायटीत त्या राहायला आल्या तेव्हा अनेकांना वाटलं, बाई साताऱ्याकडच्या माहेराबद्दल बोलतात. तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकूंनी विचारलंही, “मग बाई, जत्रा कधी असते तुमच्याकडे?” बाई खळखळून हसल्या आणि काकूंना चहाला बसवून घेतलं.

गेल्या वर्षी बाई वारल्या. निवृत्त होईपर्यंत त्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. उत्तर रशियातलं ते मध्ययुगीन नगर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. अभ्यासक्रमात त्याला जेमतेम एक परिच्छेद होता. बाई त्यावर आठवडा घालवत. समोर कॅम्प पाचमधल्या दुकानदारांची मुलं असत. त्यांना त्या सांगत, “हे तुमचंच गाव समजा. जमीन दलदलीची, धान्य बाहेरून आणावं लागतं. पण बाजार असा, की समुद्रापलीकडचे जर्मन व्यापारी मेण आणि केसाळ कातडी न्यायला येतात. पश्चिमेला स्वीडिश आणि जर्मन सरदार टपलेले, दक्षिणेला मॉस्को रोज थोडी थोडी फुगतेय. एवढ्या शेजाऱ्यांत हे गाव शतकानुशतकं टिकलं. कशावर? घंटेवर.”

घंटा वाजली की नागरिक सभेला जमत आणि राजा ठेवायचा की घालवायचा, हेसुद्धा तिथेच ठरे. बाईंनी आमच्या फाटकाशी रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगून घेतला. नियम एकच : तो कोणीही वाजवावा, आणि वाजला की सगळ्यांनी खाली यावं. “नंदवानीशेठ, तुम्ही आमचे राजे,” त्या चेअरमनना म्हणाल्या. “राहा सुखानं. पण घंटा आमची.”

“बाईजी, राजा को चाय तो मिलेगी ना?” नंदवानींनी विचारलं.

“मिलेगी. कामकाज झाल्यावर.”

एका उन्हाळ्यात पाण्याची फार टंचाई होती. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी संगीता पोळीभाजीचे डबे करायची. सगळं पाणी तिच्या भांड्यांवर जातं, अशी सकाळपासून जिन्यात कुजबुज चालली होती. शेवटी म्हात्रेकाकूंनी रूळ वाजवला. संगीता तेव्हा डबे पोचवायला बेलवलीला गेली होती.

“तिच्या घरमालकाला कळवा, खोली खाली करून घे म्हणावं,” काकू म्हणाल्या. “एकटी बाई. तिला काय, कुठंपण राहील.”

“मेजॉरिटी बघू,” नंदवानी म्हणाले. “हात वर करा.”

मी भाडेकरू, मला मत नव्हतं. बाकी सगळे हात वर गेले. बाईंचा गेला नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

“ही सभेची रीत मी आणली. आता तिची दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे सभेत दोन तट पडले की पुलावर मारामारी व्हायची. हरलेल्यांना वोल्खोव नदीत ढकलायचे. घंटा तीच, माणसंही तीच. कोणी ढकललं असं विचारलं, तर उत्तर एकच : नगरानं.” नोव्हगोरोदविरुद्ध त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “नगराला हात नसतात. संगीता आता येईल. तिला तोंडावर कोण सांगणार? एक नाव द्या, मी खाली बसते.”

काकूंनी नंदवानींकडे पाहिलं. नंदवानींनी मोबाइलकडे.

“शेठ, तुम्ही चेअरमन,” मागून कोणीतरी म्हणालं.

“मैं अकेला क्यूँ? डिसीजन सबका है ना!”

“बाई, तुम्हीच सांगा ना,” काकू म्हणाल्या. “तुमचं ऐकते ती.”

“माझा हात वर नव्हता, काकू.”

तेवढ्यात रिकाम्या डब्यांच्या पिशव्या घेऊन संगीता फाटकातून आत आली. एवढी माणसं पाहून थबकली. “काय झालं? टँकर आला का?”

बाई उभ्याच होत्या. एकेका चेहऱ्याकडे पाहत होत्या. अखेर काकू पुटपुटल्या, “नाही गं, अजून नाही आला. त्याचंच चाललंय. बस तू पण.” संगीता बसली. मग घरटी किती बादल्या, यावर बोलणं झालं. तिच्या डब्यांसाठी दोन जास्तीच्या धरल्या. त्या नंदवानींनीच सुचवल्या.

वर जाताना मी बाईंना विचारलं, “कोणी नाव दिलं असतं तर?”

“तर मी खाली बसले असते. शब्द दिला होता.”

“आणि संगीता?”

बाईंनी कुलूप काढून दार उघडलं. दिवाणखान्यातली पुस्तकं भिंतीला लावून रचली होती, टेबल गॅलरीत सरकवलं होतं. एक खाट आणि एक शेगडी मावेल एवढी फरशी मोकळी करून, पुसून ठेवली होती.