दहा ते पाच

मोताळा तालुक्यातल्या एका गावात फिल्म करायला घेतली तेव्हा मी बायांना शब्द दिला होता. फिल्म तुमची. काय दाखवायचं, काय गाळायचं ते तुम्ही ठरवायचं. मी कॅमेरा शिकवीन आणि शेवटी सगळं जोडून देईन. मी बुलढाण्यात वाढलेली, पुण्याला शिकून परत आलेली. तिकडे दुसऱ्यांनी ठरवलेल्या फिल्मांसाठी लोकांना नको ते प्रश्न विचारून झाले होते. त्यामुळे हा शब्द देताना मला बरंच वाटलं होतं.

सहा जणी जमल्या. कापूस वेचून घरी यायच्या, चहा घ्यायच्या आणि अंगणवाडीच्या खोलीत येऊन बसायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी बहुतेक आपल्याच चपला टिपल्या, कारण कॅमेरा बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहत नव्हतं. मग हात बसला आणि विषयही ठरला. मावशी.

मावशी म्हणजे गावातली सत्तरीची बाई. पूर्वी गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल पलीकडच्या गावाला, मध्ये नाला आणि शेतातली सुनी वाट, म्हणून पोरींना सातवीनंतर घरीच ठेवत. तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, मी नेते, मीच आणते. तीन वर्षं ती सात-आठ पोरींना रोज घेऊन गेली, शाळा सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिली. आमच्या गटातली अंगणवाडी सेविका त्याच पोरींपैकी एक. मावशी नसती तर आपण कधीच नोकरीला लागलो नसतो, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मावशीची मुलाखत आपणच घेणार, हेही.

मुलाखत मावशीच्या ओसरीवर झाली. घरचे सगळे शेतात होते. सेविका कॅमेऱ्यामागे, मी माईक धरून बाजूला. सेविकेनं विचारलं, "मावशी, आमच्यासाठी एवढं काऊन केलं तुमी?"

मावशी सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यासाठी कुठं? मले घरात राहवत नोतं. तुमचं निमित्त भेटलं. दहा ते पाच मले कोणी हाक मारत नोतं. लिंबाखाली बसली की बसली."

आणि हसली. मला वाटलं, फिल्म मिळाली. सेविकेनं आणखी दोन प्रश्न विचारले, कॅमेरा नीट पुसून पिशवीत ठेवला. आम्ही परतलो. अंगणवाडीच्या दाराशी कुलूप काढता काढता ती थांबली.

"ताई, आमी काय निमित्त होतो काय?"

जे ऐकून मी खूश झाले होते, त्यानं हिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी गटात सेविकेनं सांगितलं, तेवढं काढा. एक म्हणाली, मावशीच्या मुलाला वाईट वाटेल. दुसरी म्हणाली, खरं आहे तर राहू द्या. शेवटी हात वर करून ठरलं, काढायचं. आता मला माझा दुसरा शब्द आठवला. कोणाचंही बोलणं तिला विचारल्याशिवाय गाळणार नाही, असंही मी सांगून बसले होते. हे दोन शब्द कधी एकमेकांच्या आड येतील, असं मनातही आलं नव्हतं.

लॅपटॉप घेऊन मी मावशीकडे गेले. तिचा मुलगा घरीच होता. आईचा तुम्ही मान करता, हे फार चांगलं, असं म्हणून तो शेजारीच बसला. मी तो तुकडा लावला. मावशीनं पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, तिसऱ्यांदाही.

"आवाज माहाच दिसते," ती म्हणाली. "पण असं मी नाही बोलली."

मुलगा समोर होता म्हणून म्हणाली, की खरंच विसरली, मला कळलं नाही. ठेवू की काढू, असं विचारलं, तर तुम्हाला बरं वाटेल ते करा म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मला बरं काय वाटतं, हेच तर मला ठरवायचं नव्हतं.

मी ते काढलं.

एका रविवारी दुपारी शाळेच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून फिल्म दाखवली. खोली भरली होती. टाळ्या झाल्या, सरपंचांनी मावशीला शाल दिली. शाल सावरत ती सेविकेकडे वाकली. मी मागेच उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"माहं दहा ते पाच कुठं गेलं?"

सेविका गडबडली. फिल्म लांबत होती म्हणून थोडं कापावं लागलं, म्हणाली. मावशी "हाव का" म्हणाली आणि बाकीच्यांचे नमस्कार घेऊ लागली. मी पुढे होऊन खरं सांगायला हवं होतं. मी वायर गुंडाळत राहिले.

आठवड्याभरानं सेविकेचा फोन आला. तेवढा तुकडा मोबाइलवर पाठवा म्हणाली. कशाला, विचारलं तर म्हणाली, "मावशी मांगून राह्यली." मी लगेच पाठवला. चूक दुरुस्त व्हायला लागली असं वाटून हलकंही वाटलं.

पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा मावशी ओसरीवर एकटीच होती. तुकडा पाहिला का, मी विचारलं. पाहिला म्हणाली, पण तिनं तो मागितलाच नव्हता. "थेच येते अन् दाखवते मले. दर दोन-चार दिवसानं. काऊन दाखवते, कोणाले माहीत."

"मग तुम्ही काय म्हणता तिला?"

"काय म्हणू? दोघी पाहतो."

तिथून मी अंगणवाडीत गेले. सेविका पोरांना खिचडी वाढत होती. मावशी काय म्हणाली ते मी तिला सांगितलं नाही. मावशी अजून तो तुकडा पाहते का, एवढंच विचारलं. "हाव," ती म्हणाली, "मीच नेऊन दाखवते. काय करता, लईच मागं लागते." आणि माझ्यासमोरही खिचडीची ताटली ठेवली.

दोघींपैकी कोण कोणासाठी पाहतं, मला अजून सांगता येत नाही. माझ्याकडे फिल्मच्या दोन प्रती आहेत, एक ते बोलणं असलेली आणि एक नसलेली. कुठं दाखवायला मागितली की कोणती प्रत द्यायची ते विचारायला मी गटाला फोन करते. त्या म्हणतात, तुमीच पाहा ताई.