लाभता हात

हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढे आलं आणि तसंच पुढे गेलं. मी हात पुढे केला होता. उजवा, चाकू धरायचा. तो हवेतच राहिला. मालकाच्या बायकोनं, वहिनींनी, माझ्या शेजारच्या बाईला कुंकू लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू मांगं सरक वं. मुहूर्त हाये."

सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. मी मागे सरकले.

अमरावतीपासून तासाभरावरच्या संत्र्याच्या रोपवाटिकेतली ही गोष्ट. थंडी पडली की तिथे कलमं बांधायला घेतात. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला काप द्यायचा, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून त्यात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. पहिलं कलम मुहूर्ताचं. ते बांधणारीच्या हाताला हळदीकुंकू लावतात, कलमाला लाल दोरी बांधतात आणि ती पिशवी फाटकाजवळ ठेवतात. गिऱ्हाईक आधी ते कलम बघतं, मग रोपं सांगून जातं. इतकी वर्षं ते माझ्या हातचं असायचं. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "हिचा हात लाभते. नशीबवान हात हाये."

मला ते गोड वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

मग नवरा गेला. सायकलवर घरी येत होता, वळणावर ट्रकनं उडवलं. आणि लाभत्या हाताची बाई पांढऱ्या पायाची झाली.

त्या वर्षी मुहूर्ताचं कलम मालकाच्या नव्या सुनेनं बांधलं. बिचारीनं चाकू पहिल्यांदाच धरला होता. फोटो निघाले, पेढे वाटले. नंतर मालक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नाराज नको होऊ. मुहूर्त झाला, आता बाकीचे तूच बांध. मांगच्या वाफ्यात बस."

म्हणजे मी अपशकुनी, पण माझं काम नव्हे. अंगाची नुसती आग झाली. तरी बसले. मुलगी अमरावतीला राजापेठेत खोली करून क्लासला जात होती, तिचं सगळं याच हातांवर चाललं होतं. दात आवळून बांधत राहिले.

तीनेक आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. मागच्या वाफ्यातले डोळे हिरवेगार. फाटकाजवळचा काळा पडलेला.

दुपारी बाया कडुलिंबाखाली जेवायला बसल्या, तेव्हा मालकानं मला फाटकाजवळ बोलावलं. काळ्या पडलेल्या कलमाची पिशवी बाजूला सारली होती, तिची लाल दोरी सोडून हातात घेतली होती.

"उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं. तुह्यातलं एक लागलेलं आन, त्याले हे दोरी बांध आन इथं ठेव. कोनाले सांगू नको."

"मंग ते कोनाच्या हातचं म्हनाचं?"

"सूनबाईच्या. मुहूर्त तिचा हाये."

"तिचं त काळं पडलं, भाऊ."

"पडते एखांदं. पोरीनं मेहनत त घेतली न? तुले नशिबानं हात देला, त्याचा माज नको करू."

मेहनत! एकदा चाकू धरला, ती मेहनत. आणि माझं नशीब.

पातूरला बापाच्या फुलांच्या मळ्यात मी बोरीच्या फोकांवर काप द्यायला शिकले. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हापासून दुभंगलेलं आहे. किती डोळे वाया घालवले आणि बापाच्या किती शिव्या खाल्ल्या, ते मला माहीत. नशीब नसतंच असं मी म्हणत नाही. मालक विहिरीच्या, काळ्या रानाच्या घरात जन्मले, ते नशीब. त्याला ते स्वतःचे कष्ट म्हणतात. माझा नवरा नेमका त्या वेळी त्या वळणावर होता, तेही नशीबच. त्याची शिक्षा मला. आणि जे एवढं एकच माझं स्वतःचं होतं, ते यांनी देवाच्या नावावर चढवून टाकलं.

मी दोरी घेतली. त्या काळ्या पडलेल्या कलमालाच परत बांधली, घट्ट. पिशवी उचलून परत तिच्या जागी ठेवली. कडुलिंबाखालच्या बायांचे घास हातातच राहिले.

"हे जसं हाये तसंच राहू द्या," मी मोठ्यानं म्हटलं. "गिऱ्हाईकाले पाहू द्या."

मालकाचा चेहरा लालबुंद. "उद्यापासून येऊ नको."

"नाई येत."

चाकू माझा होता. पदराला पुसला, मिटला आणि निघाले.

दुसऱ्या रोपवाटिकांमध्ये माझ्याआधी त्यांचा निरोप पोचला. कुणी काम दिलं नाही. मुलीनं खोली सोडली, आता ती एसटीनं ये-जा करते. दमते, चिडते, माझ्याशी भांडतेही. घरामागच्या जागेत मी जंबेरीची रोपं वाढवली आणि कलमं बांधते. दोन बाया शिकायला येतात, त्यातली एक नवऱ्यानं टाकलेली. पहिलं कलम सकाळी जी आधी येईल तिनं बांधायचं. ताट नाही, दोरी नाही.

परवा एक गिऱ्हाईक आलं. रोपं गाडीत ठेवता ठेवता म्हणालं, "बाई, तुमचा हात लाभते बरं."

मी त्याच्यापुढे दुभंगलेल्या नखाचा अंगठा धरला. "लाभत नाई. शिकला हाये. तसं म्हना."

तो गंमत समजून हसला. मी हसले नाही. गाडीतली रोपं एकेक करून खाली उतरवली, आणि तो नीट म्हणेपर्यंत परत चढवू दिली नाहीत. यापुढेही देणार नाही.