कोलम घातलेलं दार

"अंगण रिकामं ठेवूं नये, अवलक्षण तें," म्हणत आमच्या शेजारच्या आक्का दुसऱ्यांच्याही दारात वाकायच्या. नायटीवर टॉवेल, हातात पिठाचा डबा, कानात मोबाइलवरचं भजन आणि त्याबरोबर स्वतःचंही गाणं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांच्या तावडीतून एकही उंबरा सुटला नाही. आम्ही आळशी माणसं, आम्हाला आयतंच मिळत होतं.

पहाटेचा कोलम, म्हणजे दारातली तांदळाच्या पिठाची रांगोळी, आमच्याकडे खुशालीही सांगते. कोलम दिसला की घरात सगळं ठीक. दिसला नाही तर शेजारी दार वाजवून विचारतात. समोर एकट्या राहणाऱ्या आजींचे गुडघे गेले, तेव्हा त्यांचा कोलमही आक्कांनी अंगावर घेतला. "आजी, तुम्ही निजा निवांत," त्या म्हणाल्या.

एका सकाळी गॅसवाला आजींचं दार ठोठावत होता. त्यानं सिलिंडर नेमका ताज्या कोलमवर ठेवलेला. आक्का तावातावानं त्याला बोलायला गेल्या आणि आतलं कण्हणं ऐकून जागच्या जागी थांबल्या. मी धावलो. गॅसवाल्यानं आणि मी खांदे लावले. कडी निघेना.

"जोरानें रे, जोरानें," आक्का मागून म्हणत होत्या. त्यांचा आवाज फाटला होता.

दार उघडलं. आजी दारालगतच पडल्या होत्या. खुबा मोडलेला, ओठ सुकलेले. त्या आदल्या पहाटेच पडल्या होत्या. तुम्ही म्हणाल, दिवसभरात कोणी डोकावलं नाही? सारी गल्ली त्या दारावरून गेली, मीही गेलो. पण कोलम दिसत असता दार कोण वाजवणार?

आक्कांनी चमच्यानं पाणी पाजलं. आजी रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"तुझ्या बांगड्या ऐकूं येत होत्या गे," त्या म्हणाल्या. "कालही, आजही. मी हांका मारिल्या. तूं गात होतीस."

आजी इस्पितळातून परत आल्या नाहीत. आक्कांना कोणी दोष दिला नाही. कोणत्या तोंडानं देणार? हेळसांड सगळ्यांची होती, पीठ तेवढं आक्कांच्या हाताला लागलेलं.

त्यांनी भजन बंद केलं. प्रत्येक दारावर आधी थाप मारायच्या, आतून कोणी बोलल्याशिवाय वाकायच्या नाहीत. "आहों मा, आहों," लोक अंथरुणातून वैतागून ओरडायचे.

आजींच्या कुलूपबंद दारावरही त्या रोज थाप मारायच्या. कान देऊन उभ्या राहायच्या. मला ते बघवत नसे. मग डबा तसाच घेऊन त्या पुढच्या घरी जायच्या.