रुखमाबाईची सही

"साहेब, तिले हात नाईत. खात्यात माहं नाव टाकून द्या," असं म्हणत देवरावभाऊ खुर्ची ओढून बसले. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा, रुखमाबाई मडावी, मागे उभी होती. दोन्ही मनगटं पदराखाली.

मोहफुलं वेचताना अस्वलाने तिच्यावर झडप घातली होती. जीव वाचला, हात वाचले नाहीत. भरपाईची रक्कम गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या शाखेत, तिच्या एकटीच्या खात्यात जमा झाली होती. मुलीला ब्रह्मपुरीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी त्याच आठवड्यात भरायची होती. देवरावभाऊंच्या मनात मात्र ट्रॅक्टर होता.

"पोरगी शिकून काय करते? शेवटी लगनच ना!"

थोडं माझ्याविषयी. कारगिलच्या वेळी मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. वरून येणारे जखमी उतरवून घ्यायचो. हात गेलेली पोरं पाहिली. मी धडधाकट परतलो, ते मला अजून नीट पचत नाही. माजी सैनिकांच्या कोट्यातून बँकेत क्लार्क झालो, परीक्षा देत देत मॅनेजर. असं कोणी समोर आलं की मी जरा जास्तच धावतो. त्या दिवशीही धावलो.

"नाव टाकायलासुद्धा तिचीच सही लागेल, भाऊ. आणि सही होत असेल तर तुमचं नाव हवंच कशाला? पैसे काढायला नियमाने पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बाई, या, टेबलावर पाय ठेवा."

मी स्टॅम्पपॅड उघडलं. ती हलली नाही.

"बाई?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"पाहा," देवरावभाऊ हसले, "तिलेच नाई पाहिजे."

मी चंद्रपूरला रीजनल ऑफिसात फोन लावला.

"सर, कस्टमर ठसा द्यायला नाही म्हणतात."

"मग 'ग्राहकाचा नकार' लिही आणि परत पाठव. फौजी, तुझी प्रत्येक केस म्हणजे लढाईच असते."

कबूल करतो, मी लिहायला घेतलं. 'ग्राहकाचा' एवढं लिहूनही झालं. मग वर पाहिलं. रुखमाबाई मान खाली घालून भिंतीकडे वळली होती. देवरावभाऊ तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर ती खुर्चीवरही बसत नाही, आणि मी तिला त्यांच्या नाकासमोर टेबलावर पाय ठेवायला सांगत होतो.

"भाऊ, जरा बाहेर बसा. मला खातेदाराशी बोलायचंय."

"मी घरचाच आहो ना!"

"तुम्ही घरचे. पण खातं तिचं."

ते धुसफुसत गेले.

"आता ठेवता पाय?"

"नाई साहेब. पैशाच्या कागदाले पाय नाई लावत मी. पन भासऱ्याचं नाव नोका टाकू. पोरीचं सारंच बुडून जाईन."

मी नियमांचं सर्क्युलर पुन्हा उघडलं, या वेळी शेवटपर्यंत वाचलं. ठसा जमत नसेल तर कसलीही खूण चालते. खूण ज्या वस्तूने करायची तिला खातेदाराचा स्पर्श हवा. ओळख पटवायला दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा.

पेन तिच्या कोपराच्या बेचक्यात बसवलं. पहिल्या फॉर्मवर ते निसटलं. दुसऱ्यावर वाकडातिकडा गोल उमटला.

"अंडं झालं," ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली.

एक साक्षीदार मी. दुसरा, समोरचा बांगडीवाला फिरोजभाई, आमचा जुना खातेदार.

"हिला ओळखता?"

"ओळखता म्हंजे? हिच्या लगनाचा चुडा मीच भरला, साहब!" बोलून गेल्यावर त्याची नजर तिच्या मनगटांकडे गेली.

रुखमाबाईच म्हणाली, "पोरीले भरजा, भाऊ. पन नोकरी लागल्यावर."

फी वेळेत भरली गेली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे ऑडिटरने शेरा मारला की खूण दर वेळी वेगळी दिसते. मी उत्तर दिलं, खूण जुळवायची नसते, माणूस ओळखायचा असतो. सोबत नियमाची प्रत जोडली. देवरावभाऊ ट्रॅक्टरचं कर्ज मागायला आले. कागदपत्रं बरोबर होती. मी मंजूर केलं, त्यांच्या स्वतःच्या नावावर.

नव्या अधिकाऱ्यांना मी एकच सांगतो. 'ग्राहकाचा नकार' असं लिहिण्याआधी ग्राहकाच्या पुढे खुर्चीत कोण बसलंय, ते बघा.