हिरव्या बांगड्यांचा हात

इमेज प्रोसेसिंग शिकलेलो म्हटलं की तुम्हाला वाटणार, हा पोरींचे फोटो गोरे करून देत फिरला असणार. तेही केलं हो. पण परवा ठाण्यात एका फ्रेमवाल्याकडे चंदनाच्या हारांचा वास आला आणि सुरेशदादाचा फोटो आठवला.

सुरेशदादा आमचा डोंबिवलीचा शेजारी, शीळफाट्याला अपघातात गेलेला. तेराव्याला लावायला एकच धड फोटो होता, कुणाच्यातरी लग्नातला. त्यात वहिनीचा हिरव्या बांगड्यांचा हात त्याच्या खांद्यावर. आमच्या क्लासचे सर नाकातून बोलायचे, "मयताच्या फोटोत जिवंत माणूस ठेवायचं नाय, बाळा." मी त्यांच्याच आवाजात ते बडबडत, कॉम्प्युटरवर बाजूचं शर्टाचं कापड थोडं थोडं उचलून त्या हातावर बसवलं. खांदा असा साफ झाला की मीच खूश.

वहिनी बघायला आली. तिने स्क्रीनवर खांद्यावरून बोट फिरवलं. तिचं मनगट मोकळं होतं.

"माझा हात कुठाय रे?"

मी म्हटलं, "वहिनी, तसा ठेवत नाहीत."

"मग आता कुठे ठेवू मी तो?"

मी बांगड्यांसकट हात परत आणला आणि तशीच प्रिंट काढून दिली.

तेराव्याला माझ्या आईने फोटो बघितला आणि मला जिन्यात गाठलं. "जिवंत बाईचा हात मेलेल्याच्या खांद्यावर ठेवलास? उद्या त्याने तिलाही ओढून नेलं म्हणजे, मेल्या?"