होकायंत्राशेजारचा मारुती

खंडेनवमीला लातूरच्या आमच्या विमान प्रशिक्षण केंद्रात विमानाची पूजा होते. चाकापुढे नारळ फुटतो, पंख्याला झेंडूची माळ. त्या वर्षी निलंग्याहून आई आली होती. पोरगी कुठं बसते ते बघते म्हणून ती कॉकपिटमध्ये वाकली आणि आमच्या जीपमधला चुंबकाचा मारुती होकायंत्राशेजारी, बाजूच्या खुर्चीतून दिसणार नाही असा, चिकटवून मोकळी झाली. मी पाहिलं. काढायला हवा होता. पण दोन दिवसांनी सरांबरोबर तपासणीचं उड्डाण होतं. त्यात पास झाले तरच एकटीला विमान मिळणार होतं, आणि मला तेव्हा कुणाचाही वशिला चालणार होता.

सर निवृत्त हवाई दलातले, पुण्याचे. उपकरणं सोडून कशालाच न मानणारे. आमच्या जुन्या विमानात दिशा दाखवणारी एक तबकडी आहे. ती उडताना हळूहळू सरकते, म्हणून दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून जुळवायची. निघताना मी ती धावपट्टीवरून जुळवली होती, तोवर ठीक होतं. निलंग्यावरून परत वळताना शहाण्या मुलीसारखी होकायंत्र बघून पुन्हा जुळवली आणि सगळ्याची वाट लावली.

लातूरला उतरताना हवेत धूळ होती. तबकडीवर आकडा अगदी बरोबर, त्यामुळे मी खूश. धूळ जरा विरळ झाली तर समोर धावपट्टी नाहीच, एका डाळ मिलचे पत्रे.

“मिलवर तूर घालायला आलात का?” असं विचारून सरांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं.

खाली आल्यावर सरांनी आमच्या मेकॅनिक चाचांना बोलावलं आणि त्यांच्यावरच घसरले. होकायंत्र तपासल्याची सही तुमची, उद्यापासून येऊ नका, इथवर गेले. चाचा मान खाली घालून हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमान हातचं जाणार हे दिसत होतं, तरी मी मारुतीकडे बोट केलं.

“आईनं लावलाय. मला माहीत होतं.”

“आणि तुम्हाला दिसला नाही?” सरांनी चाचांना विचारलं.

“दिसला की साहेब. पर देव हाय त्यांचा. म्या कसा काढू?”

मग कशालाच न मानणारे आमचे सर बूट काढून कॉकपिटमध्ये चढले, मारुती सोडवला आणि चाचांच्या ओंजळीत दिला. होकायंत्र लगेच ताळ्यावर आलं. चाचांची नोकरी राहिली. माझी तपासणी मात्र रद्द.

आठवड्याने ती पुन्हा झाली आणि मी पास झाले. एकटीनं उडायच्या सकाळी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा पट्टाही मी दोनदा तपासला. खाली चाचा उभे होते. पायाशी पान्यांची लोखंडी पेटी, पेटीला मारुती चिकटलेला. ते उकिडवे बसले आणि त्याच्यावर तळहात ठेवला.

“जा बेटा, बिनधास्त. म्या बसलो हाय ह्यांना धरून.”